मानेखालचा फोटो

पोस्टर चिकटवणारा शिडीवरून उतरला, कागदावरून एकदा फडकं फिरवलं, शिडी खांद्याला लावली आणि निघून गेला. आणि बस स्थानकातल्या चार नंबरच्या तिकीट खिडकीमागे बसलेल्या थोरलीला समोरच्या भिंतीवर आपल्या घरातला कप दिसला. आधी कपच दिसला. पांढरा, कानतुटका, काठाला हिरवी रेघ असलेला. आपली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसली की ती तिथं कशी गेली असा साधा प्रश्न पडतो, तसाच तिला पडला. नंतर कपामागचा गॅलरीचा कठडा दिसला, कठड्याच्या दोरीला लावलेले पिवळे चिमटे दिसले, निळा फुलाफुलांचा ड्रेस दिसला, आणि सगळ्यात शेवटी, बाहेरचा प्रवासी काचेवर किल्लीनं टकटक करत "अहो बाई, झोपलात का?" असं विचारत असताना, त्या ड्रेसमधलं अंग दिसलं. मानेपासून खाली, पार घोट्यांपर्यंत. मानेच्या वर कागद संपला होता. ते अंग आपलं आहे हे कळायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण कप ती रोज पाहत होती. अंग तिनं असं लांबून, परक्यासारखं, अख्खं कधी पाहिलंच नव्हतं. घरात आरसा होता तो तोंडापुरता. "एक पूर्ण, एक अर्धं," प्रवासी म्हणाला. तिनं दोन पूर्ण दिली, त्यानं कुरकुरत परत केली, तिनं चूक निस्तरली आणि "माफ करा हं," म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

फोटोवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उरलेलं पोटात टाकू नका', आणि खाली जरा लहान अक्षरांत, 'शिका, समजून घ्या, हलके व्हा'. खालच्या ओळीशी तिचं काही भांडण नव्हतं. सरकारी खाती असं काहीबाही सांगतच असतात. पण वरच्या ओळीपाशी तिची कानशिलं तापली. 'उरलेलं' हा शब्द कुणी कचेरीत बसून, डोकं खाजवून शोधलेला नव्हता. तो तिनं दिला होता. त्याच गॅलरीत, त्याच खुर्चीवर, तोच कप हातात धरून, आपल्या सख्ख्या बहिणीला. आणि देताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि धाकटीच्याही आलं होतं, ते तिनं स्वतः पाहिलं होतं. रडणं खोटं नव्हतं. थोरली दिवसातून शंभर खोटी रडगाणी ऐकणारी बाई. तिकीट हरवलंय, पाकीट मारलंय, आजी वारलीय. खरं रडणं कसं असतं ते तिला कळत होतं.

धाकटी मोठ्या शहरात एका संस्थेत संशोधन करायची. विषय थोरलीला तोंडपाठ होता, कारण शेजारीपाजारी कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायला तोच एक विषय तिच्याकडे होता: माणसं जाड का होतात, शिकलेली किती होतात, न शिकलेली किती, पूर्वी काय होतं आणि आता काय आहे. "म्हणजे वजनाची डॉक्टर?" असं शेजारीण म्हणायची. "वजनाची नाही, अभ्यासाची," थोरली ठसक्यात सांगायची, आणि डॉक्टर या शब्दाचा अभ्यासाशी काय संबंध हे तिलाही नीट उमगलेलं नसल्यामुळे विषय तिथंच आवरता घ्यायची. एकदा धाकटीनं तिला संगणकावर फोटो दाखवले होते. रस्त्यानं चालणारी, बाकावर बसलेली, रांगेत उभी असलेली जाडी माणसं, आणि एकालाही डोकं नाही. "आमच्यात रीतच आहे तशी, ताई. कुणाची ओळख पटू नये, कुणाला लाज वाटू नये म्हणून डोकं काढून टाकतो." थोरली म्हणाली होती, "अगंबाई, एवढी मुंडकी ठेवता तरी कुठे?" आणि धाकटी हसून हसून गादीवर लोळली होती. पुढे कितीतरी दिवस फोनवर बोलताना ती म्हणायची, ताई, तुझा तो मुंडक्यांचा विनोद मी सगळ्या ऑफिसला सांगितला. सगळं ऑफिस आपल्या विनोदाला हसलं याचा थोरलीला केवढा अभिमान वाटला होता.

तिनं प्रवाशांना तिकिटं देता देता एक पक्कं केलं, की हे धाकटीनं केलेलं नाही. फोटो तिनं काढला, हे खरं. पण तिच्याकडे असे फोटो ढिगानं असणार, ऑफिसातल्या कुणा शहाण्यानं ढिगात हात घातला असेल आणि हाताला लागला तो उचलला असेल. वाक्याचंही तसंच. ती बोलता बोलता कुणाकडे तरी बोलून गेली असेल, आपणही नाही का बोलून जात? तिला बिचारीला अजून पत्ताही नसेल. पत्ता लागला की तीच फोन करील, ताई, घोटाळा झाला गं, म्हणेल, आणि आपण म्हणू, जाऊ दे, त्यात काय, तसंही मला कुणी ओळखत नाही. हे शेवटचं तर अगदीच खरं होतं. इतक्या वर्षांत हजारो माणसांनी तिला पाहिलं होतं ते छातीपासून वर. काचेत तिचं तोंड, काचेखालच्या फटीत तिचे दोन हात. त्याच्या खाली ती आहे की नाही याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. समोरच्या भिंतीवर नेमका उरलेला भाग लावला होता. मधल्या फरशीवरून माणसं जा-ये करत होती, आणि या दोन तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांतल्या एकाच्याही मनात येण्याचं कारण नव्हतं.

"पाहिलंत का?" पाच नंबरच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले. निवृत्तीला टेकलेला, काडीसारखा माणूस. दोन खिडक्यांच्या मधल्या पडदीवरून मान काढून बोलण्याची त्यांना खोड होती. "सरकारनं आपल्याला सोबत दिली. दिवसभर बघत बसा. डोकं नाही, म्हणजे कटकट नाही. आमच्या हिची अशीच आवृत्ती मिळाली असती तर संसार सोन्याचा झाला असता." थोरली हसली. हसण्याची सवय असते. "बाकी बाई काय भरभक्कम आहे हो! खुर्चीची दया येते." हेही ती हसण्यावारी नेणार होती, पण हसू अर्ध्यावर अडकलं आणि त्याचा खोकला झाला. त्यांनी पडदीवरून पाण्याची बाटली पुढे केली, आणि बाटलीबरोबर बिस्किटाचा पुडाही. "घ्या, घ्या. तोंडात टाका काहीतरी. सकाळपासून बसलाय." माणूस वाईट नव्हता. तेच तर. वाईट असता तर दोन शब्द सुनावता आले असते. तिनं एक बिस्कीट घेतलं, तोंडाजवळ नेलं, समोर भिंतीवर स्वतःला पाहिलं, आणि ते परत ठेवायलाही लाज वाटली म्हणून मुठीत धरून बसली. मुठीत त्याचा भुगा झाला.

बिस्किटाचा वास तिला थेट चाळीस वर्षं मागं घेऊन जायचा, आज तर जास्तच. तिच्या लहानपणी जाड असणं ही मोठ्या लोकांची गोष्ट होती. गल्लीच्या तोंडाशी दुकानदाराची बायको बसायची, तिच्या दंडावर वळ्या होत्या, आणि आई त्या वळ्यांकडे अशा नजरेनं बघायची की जशी काही ती दागिन्यांची पेटी. शाळेतल्या मोठ्या बाईंना दोन हनुवट्या होत्या. डॉक्टरांची मुलं गुबगुबीत. वकिलाचं पोट वकिलाच्या आधी दारातून आत यायचं आणि लोक उठून उभे राहायचे. आणि या दोघी बहिणी म्हणजे काटक्या, आंघोळ घालताना आई बरगड्यांवरून हात फिरवायची आणि पुटपुटायची, "यांच्या अंगाला कधी लागायचं कोण जाणे." कुणी जाडा माणूस दिसला की लोक म्हणायचे, खात्यापित्या घरचा आहे. म्हणजे शिकलेला, म्हणजे पैशाअडक्यानं बरा, म्हणजे ज्याचं ऐकावं असा. धाकटीनं एकदा तिला समजावलं होतं, की ताई, आता ते सगळं उलटं झालंय. आता शिकलेले, सुस्थितीतले लोक बारीक, आणि आपल्यासारख्या घरांतले जाड. हे उलटं नेमकं कधी झालं, कुठल्या वर्षांत पारडं फिरलं, तेच आम्ही शोधतोय. "शोधायला कशाला हवं?" थोरली म्हणाली होती. "मी जाड झाले ना, तेव्हाच झालं असणार. मी ज्या रांगेत उभी राहते ती रांग नेहमी बंद होते." धाकटी त्यालाही हसली होती. आता वाटलं, हसता हसता तिनं तेही कुठंतरी टिपून ठेवलं असेल का?

थोरली फार हुशार होती अशातला भाग नाही. गणितात ती कच्ची होती, भाषेत बरी होती, आणि नकाशे काढण्यात मात्र तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. वडील बांधकामावर गवंडी होते. एके दिवशी इमारतीला बांधलेल्या बांबूंच्या पहाडावरून पडले, कंबर गेली, आणि मग ते जे अंथरुणाला खिळले ते कायमचेच. त्या आठवड्यात आईनं दोघींना समोर बसवलं नाही, विचारलं नाही, सकाळी फक्त धाकटीची वेणी घातली आणि थोरलीला म्हणाली, "तू आज माझ्याबरोबर चल." एवढंच. शाळा सोडली, असं लोक म्हणतात. सोडणं म्हणजे हातातलं आपण होऊन खाली ठेवणं. तिच्या हातून कुणी काही घेतलं तेव्हा तिला ते कळलंसुद्धा नव्हतं. आई तिला बेकरीत घेऊन गेली, आणि बेकरीच्या पॅकिंगच्या खोलीत ती सात-आठ वर्षं उभी राहिली. तिथं एक सोय होती: तुटकी बिस्किटं कामगारांची. पोटभर खा, घरी न्या. ती डबा भरून आणायची. धाकटी त्या डब्यावर अभ्यास करायची, एका हातात पुस्तक, दुसरा हात डब्यात, आणि निम्मं अर्धं कुरतडून बाजूला ठेवायची. तिला भूक कमी. ताटातही निम्मं तसंच. आई म्हणायची, अन्न टाकायचं नाही. आणि टाकायचं नाही म्हणजे काय करायचं ते सांगायला लागायचं नाही. धाकटीचं ताट थोरलीपुढे सरकायचं. वर्षभरात थोरलीच्या गालांवर मांस चढलं, मनगटं भरली, आणि आईनं तिला उजेडात उभं करून डोळे भरून पाहिलं. "माझी एक तरी अंगानं भरली," ती शेजारणीला म्हणाली. थोरलीच्या आयुष्यात तिचं कौतुक झालं ते एवढंच. तिनं ते जपून ठेवलं होतं. दिलेलं बक्षीस परत मागावं तसं ते कौतुक आता कुणीतरी परत मागतंय असं वाटत होतं.

दुपारी गर्दी ओसरली. ओसरल्यावर भिंत जास्तच जवळ आली. थोरलीला धाकटीच्या भेटी आठवू लागल्या, आणि आठवता आठवता त्यांचा रंग बदलू लागला. तिला ते नको होतं, पण थांबेना. धाकटी दर वर्षी यायची, एकदा, न चुकता. येताना पर्समध्ये शिंप्याची टेप असायची. "ताई, उभी राहा बघू," म्हणायची, आणि हसत, गुदगुल्या करत, कमरेला, दंडाला टेप लावायची. बरोबर एक चपटा वजनकाटा आणायची, स्वतः आधी उभी राहायची, मग ताईला उभं करायची, म्हणजे ताईला वाईट वाटू नये. विचारायची, गेल्या वर्षी खुर्चीतून उठताना गुडघा दुखायचा तो आता कसा आहे? जिना चढताना थांबावं लागतं का? सकाळी काय खाल्लंस, दुपारी काय, मध्ये काय? थोरलीचा नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यानं कधी तिला तू काय खाल्लंस असं विचारलं नव्हतं. आईनं विचारलं नव्हतं, कारण आईच्या काळी तो प्रश्न एकाच अर्थानं विचारला जायचा. जगात आपल्या गुडघ्याची चौकशी करणारं, आणि वर्षभरानं आठवण ठेवून पुन्हा करणारं एक माणूस आहे, या विचारावर थोरलीचे कितीतरी कंटाळवाणे दिवस निघाले होते. आता ती त्याच प्रश्नांकडे पाहत होती आणि ते सगळे एकाच क्रमानं, दर वर्षी त्याच शब्दांत विचारले गेले होते, हे तिच्या ध्यानात येत होतं. तिकीट देताना ती स्वतः विचारायची तसे. कुठं जायचंय, किती जण, कुठली बस. तिला प्रवाशांबद्दल माया नव्हती असं नाही. पण प्रश्न मायेचे नव्हते.

गेल्या खेपेला धाकटीनं निळा ड्रेस आणला. मापाबरहुकूम. थोरलीला तयार कपडा असा अंगासरसा कधी बसलाच नव्हता. एकतर काखेत दाटायचा नाहीतर खांद्यावरून ओघळायचा. हा बसला. ती खोलीत गोल फिरली. लेक टाळ्या वाजवून म्हणाली, "आई, तू चक्क बाई दिसतेस!" आणि तिघी खदाखदा हसल्या. "चल गॅलरीत, उजेड चांगला आहे," धाकटी म्हणाली. खुर्ची ठेवली, चहाचा कप हातात दिला, फोटो काढले. कितीतरी काढले. थोरलीनं आधी केस सारखे केले, ओठ मिटून घेतले, पुढचा दात किडलाय तो दिसू नये म्हणून. सगळं लक्ष तोंडाकडे! फोटो काढून झाल्यावर दोघी तिथंच बसल्या आणि का कोण जाणे, कदाचित ड्रेसमुळे, थोरलीचा बांध फुटला. तिनं कुणाला न सांगितलेलं सांगितलं. सगळ्यांचं जेवण झालं की ती स्वयंपाकघरात एकटी उभी राहते, लेकीच्या ताटातलं, भांड्याच्या तळातलं, जे उरलं असेल ते खाते. भूक नसते, चवही लागत नाही, पण टाकवत नाही. "तुझ्या ताटापासून लागलंय बघ ते," ती म्हणाली होती, "लहानपणी तू निम्मं ठेवायचीस ना." तक्रार म्हणून नाही. उलट त्यात तिला एक प्रकारचं नातं दिसत होतं. तुझं उरलेलं खाऊन मी अशी झाले आणि मी आणलेलं खाऊन तू तशी झालीस, म्हणजे दोघी मिळून एकच काहीतरी झालं. हे तिला नीट मांडता आलं नाही. धाकटीनं तिचा हात धरला आणि ती रडली. आणि कधीतरी त्यानंतर, आठवड्यानं म्हणा, महिन्यानं म्हणा, ती टेबलाशी बसली आणि त्यातलं ताट काढलं, बहीण काढली, बेकरी काढली, पहाड काढला, वर डोकंही काढलं, आणि राहिलं ते छापलं. नाही. तिनं नाही. ऑफिसातल्या कुणीतरी. थोरलीनं जिभेला दात लावून स्वतःला गप्प केलं.

कामाची पाळी संपल्यावर ती बाजूच्या दारानं बाहेर आली. रोज ती उजवीकडून जायची, आज समोरच्या भिंतीला वळसा घालून गेली. पोस्टरपाशी एक तरुण जोडपं उभं होतं, पाठीवर पिशव्या, पायांत पळायचे बूट, दोघंही सडसडीत. "किती वाईट वाटतं ना," मुलगी म्हणाली, "यांना कुणी सांगतच नाही." मुलगा म्हणाला, "आता सांगतायत की." त्यांनी थोरलीला वाट करून दिली, अदबीनं, जरा जास्तच बाजूला सरकून. कागदाच्या तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. तिनं चष्मा वर करून वाचली. 'छायाचित्र संग्रहातून. छायाचित्रातील व्यक्तीचा विषयाशी संबंध असेलच असे नाही.' तिनं ती पुन्हा वाचली. आणि त्याखाली धाकटीच्या संस्थेचं चिन्ह होतं. तिला धाकटीचं नाव हवं होतं, म्हणजे निदान भांडायला. किंवा ते नसायला हवं होतं, म्हणजे सोडून द्यायला. नाव नव्हतं, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

घरी लेक जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. उद्या ती मावशीकडे जायची होती, कॉलेजला, पुढची चार वर्षं तिकडेच. धाकटीनं आपण होऊन बोलावलं होतं, खोली दिली होती, प्रवेशासाठी स्वतः खेटे घातले होते. या उद्याची थोरलीनं किती वाट पाहिली होती ते तिचं तिलाच ठाऊक. लेक हुशार होती, आईसारखी बरी नव्हे, खरोखर हुशार; आणि इथं राहिली असती तर तिच्या वाट्याला खिडकी आली असती, कदाचित तीन नंबरची. थोरली खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आमच्या स्थानकात एक पोस्टर लागलंय."

लेकीचे हात थांबले. एवढं पुरलं. "तू पाहिलंस," थोरली म्हणाली.

"शाळेजवळच्या चौकात आहे," लेक खाली बघत म्हणाली. "चार दिवस झाले."

"ओळखलंस?"

"कपावरून."

"मग बोलली का नाहीस?"

लेकीनं घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला. "मला वाटलं, तुला दिसणार नाही. तू त्या बाजूला येतच नाहीस." आवाज बारीक करून ती म्हणाली, "मैत्रिणी होत्या बरोबर. सगळ्या हसत होत्या गं. मीपण हसले." आणि एकदम मान वर करून, "नसते हसले तर त्यांना कळलं असतं, आई!"

थोरलीला ते पटलं. पटलं हेच फार वाईट होतं. पोरीच्या जागी आपण असतो तर आपणही हसलो असतो. सकाळी पाच नंबरच्या विनोदाला हसलोच की. "बरोबर आहे," ती म्हणाली. "हसायचंच अशा वेळी." लेक रडू लागली. थोरलीनं उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण हात फिरवताना तिला स्पष्ट कळलं, की या पोरीनं आज नाही, चार दिवसांपूर्वीच घर सोडलंय. उद्या फक्त सामान जाणार आहे.

"मावशीला माहीत असेल?" लेकीनं नाक ओढत विचारलं.

"छे," थोरली म्हणाली. "तिला काय माहीत? ऑफिसातल्यांचा घोळ असणार. तिला कळलं तर ती त्यांना सोलून काढील." हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं की सांगता सांगता तिला स्वतःलाही आधार वाटला. दिवसभर तिनं वाक्यं जुळवली होती. धाकटीचा फोन आला की आधी हे विचारायचं, मग ते. शाळा मी सोडली नव्हती, हे सांगायचं. तुझ्या रडण्याचं काय झालं, हे विचारायचं. पण ती सगळी वाक्यं एका वाक्यावर उभी होती, की धाकटी म्हणेल, ताई, मला खरंच माहीत नव्हतं. तेवढं तिनं म्हटलं की बाकीची बोलावीच लागणार नव्हती.

फोन वाजला तो संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास. "ताई, झाली का गं तयारी?" धाकटीचा आवाज उत्साहानं उतू जात होता. "बस सकाळचीच ना? मी घ्यायला येते. टेबल आणलंय तिच्यासाठी, उजेडात लावलंय." थोरली हो-हो म्हणत राहिली. लेक घड्या घालायची थांबून तिच्या तोंडाकडे बघत होती. मग धाकटी जराशी घुटमळली. पाण्यात पाऊल टाकण्याआधी बोट बुडवून बघावं तशा आवाजात म्हणाली, "ताई... तुमच्या स्थानकावर काही पोस्टरं लागलीत का गं? आरोग्याची वगैरे?"

ओठांवर सगळं तयार होतं. तिनं लेकीकडे पाहिलं. दाराशी उभी असलेली बांधलेली बॅग पाहिली. आता तोंड उघडलं तर धाकटी रडेल, किंवा रागावेल, किंवा माफी मागेल. काहीही केलं तरी उजेडातल्या त्या टेबलाशी बसताना लेकीला आपण कुणाच्या घरात बसलोय हे रोज आठवत राहील, आणि धाकटीलाही. थोरलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लागली असतील," ती म्हणाली. "माझ्या खिडकीतून ती भिंत दिसत नाही."

पलीकडे धाकटीनं श्वास सोडला. तो स्वच्छ ऐकू आला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि लगेच सावरून घेत, "म्हणजे, काही खास नाहीयेत तशी. तू मुद्दाम बघायला जाऊ नकोस."

धाकटीला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. टेबलाशी बसून, ढिगातून निवडून, डोकं स्वतःच्या हातानं कापून तिनं ते दिलं होतं, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिला एकच धास्ती होती, की ताईला दिसेल. थोरलीनं दिवसभर उभे केलेले ऑफिसातले सगळे शहाणे, सगळे ढीग, सगळे घोळ एका श्वासासरशी गेले. तिला राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी परकं लागतं. तिला फक्त फसल्यासारखं वाटलं, इतकं, की फोन धरलेला हात कुणाचा आहे असं क्षणभर झालं.

धाकटी आता मोकळी झाली होती, भरभरून बोलत होती. कॉलेज किती जवळ आहे, रस्त्यात झाडं किती आहेत. "आणि तिच्या खाण्यापिण्याची अजिबात काळजी करू नकोस हं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती, खरी, लहानपणापासून ओळखीची. "माझ्याकडे आली ना, की मी तिला तुझ्यासारखी नाही होऊ देणार."

"नको होऊ देऊस," थोरली म्हणाली. तुझ्यासारखीही नको, एवढं पुढचं तिच्या मनात आलं. ते तिनं म्हटलं नाही. फोन ठेवला.

"काय म्हणाली मावशी?" लेकीनं विचारलं.

थोरली तिच्याजवळ जमिनीवर बसली, सावकाश, गुडघ्यावर हात टेकत, आणि उलगडलेला शर्ट ओढून घेऊन त्याची घडी घालू लागली.

"वाट बघतेय म्हणाली."